‘येथील लोक’ म्हणजे कोण? : जव्हार-मोखाड्याची वाचनयादी करताना

मे महिन्यात आत्याकडे गेलो होतो, मोखाडा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर. आतेबहीण अकरावीत आहे. तिला कॉलेजात ‘माझा परिसर’ असा प्रकल्प दिला होता. मी इंजिनिअर, म्हणजे मला सगळं येतं अशी घरात समजूत, म्हणून वही माझ्यापुढे आली. पहिलंच वाक्य होतं : ‘जव्हार हे मिनी महाबळेश्वर म्हणून ओळखले जाते.’ हे वाक्य तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल. ते सगळीकडे आहे. चार ओळींनंतर होतं : ‘येथील आदिवासी लोक साधेभोळे व निसर्गप्रेमी असतात.’

मी विचारलं, “येथील लोक म्हणजे कोण गं?”

“आपण.”

“मग ‘आपण’ का नाही लिहिलंस?”

तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “दादा, तसं कुठंच लिहिलेलं नसतं.”

तिने हे सगळं मोबाइलवर शोधून उतरवलं होतं. एक जागा सोडून सिग्नल येत नाही, तिथे उभं राहून. एवढी मेहनत करून तिला स्वतःबद्दल जे मिळालं, त्यात ती स्वतः ‘ते’ झाली होती.

हे मला जास्तच लागलं, कारण त्याच वेळी माझ्या लॅपटॉपमध्ये एक अर्धवट यादी पडली होती. आमच्याकडची काही मित्रमंडळी पालघर जिल्ह्यासाठी एक निर्देशिका तयार करत आहेत. दवाखाने, वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, दाखले कुठे मिळतात, रोजगार हमीची तक्रार कुठे करायची, असं सगळं एका ठिकाणी. प्रत्येक तालुक्याच्या शेवटी एक पान : ‘अधिक माहितीसाठी’. त्यात पुस्तकं, अहवाल, नकाशे, ध्वनिमुद्रणं, व्हिडिओ. जव्हार आणि मोखाडा माझ्याकडे आले. मी पुण्यात एका कंपनीत दिवसभर माहितीचे तक्ते इकडून तिकडे हलवतो. मला वाटलं, दोन शनिवार-रविवारचं काम. चार महिने लागले.

या लेखात मी त्या यादीबद्दल लिहितोय. म्हणजे खरं तर यादी नावाच्या लेखनप्रकाराबद्दल. आपण कथा-कवितेची समीक्षा करतो, सिनेमाची करतो, पण ‘अधिक माहितीसाठी’ या शीर्षकाखाली येणाऱ्या दहा-वीस ओळींची कोणी करत नाही. आणि गावाबद्दल लोकांचं मत बनतं ते बहुतेक वेळा त्याच ओळींवरून.

तीन कप्पे

माझा पहिला खर्डा चाळीसेक नोंदींचा होता. सर्चमध्ये जे वर आलं ते घेतलं, प्रत्येक लिंक चालते की नाही हे तपासणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला, बंद पडलेल्या लिंक काढल्या आणि समाधानाने चहा प्यायलो. ‘लिंक उघडते’ एवढीच माझी कसोटी होती.

प्रकल्पाची वही पाहिल्यावर तीच यादी पुन्हा उघडली. सगळ्या नोंदी तीन कप्प्यांत बसत होत्या : वारली चित्र, कुपोषण आणि धबधबा.

धबधब्याच्या कप्प्यात दाभोसा, काळमांडवी, हनुमान पॉइंट, सूर्यमाळ, आणि जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा जयविलास राजवाडा. पावसाळ्यातले व्हिडिओ सुंदर असतात, खोटं कशाला बोलू. पण त्यांत माणूस दिसतो तो रस्ता सांगणारा किंवा भाकरी थापणारा. त्याला नाव नसतं. ‘लोकल दादा’ असतं.

कुपोषणाच्या कप्प्यात बातम्या आणि अहवाल. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू राज्यभर गाजले. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या मृत्यूंनी पुन्हा मथळे झाले. या बातम्या यायलाच हव्या होत्या. त्या आल्या नसत्या तर सरकार हललं नसतं. पण त्या ओळीने वाचल्यावर एक गोष्ट जाणवते. त्यांतली वाक्यं एकाच साच्याची असतात : ‘कुपोषणाने ग्रासलेला मोखाडा तालुका.’ ग्रासणारं कुपोषण, ग्रासला जाणारा तालुका. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर का जातात, जमीन किती आणि कुणाच्या नावावर, रेशन कधी आलं, दवाखान्यात डॉक्टर होता का, हे त्या वाक्यात मावत नाही. वाक्य जणू हवामानाबद्दल बोलतं. पाऊस पडला, थंडी वाढली, कुपोषण झालं.

वारली चित्रांच्या कप्प्याबद्दल जपून बोलायला हवं, कारण तो आम्हाला आवडणारा कप्पा आहे. ही चित्रं मुळात लग्नाच्या वेळी भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, बायका काढायच्या. पालघट देवीचा चौक तो. १९७० च्या दशकात चित्रं कागदावर आली आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर पोचले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं अभिमानाचं आहेच. पण यादीत ही कला येते ती बहुतेक वेळा ‘साधे आकार, साधी माणसं’ अशा एका ओळीने. त्रिकोण साधा आहे, म्हणून तो काढणारी बाई साधी. आतेबहिणीच्या वहीतलं ‘साधेभोळे’ कुठून आलं असेल, याचा अंदाज मला तिथे आला.

जोडरेघ

दुसरी गोष्ट मला आधी कधी खटकलीच नव्हती. आपण ‘जव्हार-मोखाडा’ असं एका दमात म्हणतो, जणू एकच गाव. मीही म्हणतो. पण १९४८ पर्यंत ही दोन वेगवेगळी राज्यं होती. जव्हार हे मुकण्यांचं संस्थान. मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात, शहापूरचा पेटा. याचा परिणाम थेट यादीवर होतो. १८८२ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा तेरावा खंड ठाण्याचा आहे. त्यात मोखाडा शहापूरच्या पोटात सापडतो आणि जव्हार वेगळं, संस्थान म्हणून. १९३९ साली सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांचा अहवाल सरकारला दिला. वेठबिगार आणि सावकारी कर्ज यांबद्दल सरकारी कागदावर इतकं स्पष्ट क्वचितच आलं असेल. पण तो प्रांताचा अहवाल; संस्थान त्याच्या कक्षेत नाही. म्हणजे एका डोंगराच्या अलीकडची वेठ कागदावर आली आणि पलीकडची नाही.

वाचकाला हे न सांगता दोन्ही तालुक्यांच्या नावाखाली तो अहवाल टाकणं म्हणजे चुकीची माहिती देणं. लिंक मात्र छान उघडते.

ही जोडरेघ मग कुणी काढली? आधी संस्थान संपलं, मग प्रशासनाने काढली, मग बातम्यांनी. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तेव्हा आम्ही ठाण्यातून पालघरमध्ये आलो, रेघ तशीच राहिली. ती मी पुसली नाही. पण दोन तालुक्यांची पानं वेगळी केली.

सर्वनामाची कसोटी

आतेबहिणीच्या वहीने मला एक साधी कसोटी दिली होती. प्रत्येक नोंदीला विचारायचं : यात ‘आपण’ कोण आहे आणि ‘ते’ कोण? कोण बोलतंय, कुणाशी, कुणाबद्दल? त्या कसोटीवर मोठी मोठी नावं पुन्हा वाचली.

गॅझेटिअरचा ‘आपण’ म्हणजे नव्याने नेमणूक झालेला साहेब. त्याला महसूल, जंगल, बाजार, रस्ते आणि जाती समजून घ्यायच्या आहेत. गावांची नावं, घाटवाटा, पिकं यांसाठी ते आजही उपयोगी आहे. पण जातींच्या वर्णनात माणसं झाडांच्या प्रकारांसारखी येतात. मी नोंदीत लिहिलं : ‘गावांसाठी वाचा. स्वभाववर्णनांवर विश्वास ठेवू नका.’ मग लक्षात आलं की आमची निर्देशिकाही नव्याने बदली होऊन आलेल्या शिक्षक-अधिकाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनते आहे. साहेब बदलला, पान तेच. त्यावर पुढे येतो.

१९४५ साली के. जे. सावे यांचं ‘द वारलीज’ हे इंग्रजी पुस्तक आलं. वारल्यांवरच्या जवळजवळ प्रत्येक यादीत ते असतं आणि असायलाच हवं. त्याच वर्षी वारली काय करत होते? ७ जानेवारी १९४५ ला टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिला उंबरगावकडचे वारली स्वतः आले होते. माह्या धांगडा त्यांत होते. २३ मेला झरीला सभा झाली आणि वेठ बंद करण्याचा ठराव झाला. ऑक्टोबरमध्ये गोळीबार झाला, जेठ्या गांगड मारले गेले. माझ्या तक्त्यात वर्षाच्या रकान्यात १९४५ दोनदा आलं : एकदा अभ्यासाचा विषय म्हणून वारली, एकदा काम थांबवणारे म्हणून वारली. दोन्ही नोंदी मी एकाखाली एक ठेवल्या. क्रम हीसुद्धा टिप्पणी असते.

त्या लढ्याचं पुस्तक म्हणजे गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७० सालचं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार. तलासरी-डहाणू-उंबरगाव ही त्याची मुख्य रंगभूमी. जव्हार-मोखाड्याच्या पानावर ते ठेवताना हे सांगायला हवं. मला पुस्तकाच्या शीर्षकाशी जुनं भांडण आहे. ‘जागा होतो’ म्हटलं की आधी झोपला होता असं होतं. पण पुस्तक वाचलं की शीर्षकाचा दावा पुस्तकच खोडतं. वेठ, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लग्नगडी, मारहाण : ही झोपलेल्या माणसांची वर्णनं नाहीत, बांधलेल्या माणसांची आहेत. टिटवाळा ते झरी साडेचार महिने लागले. झोपलेला माणूस एवढ्या लवकर उठून, आंघोळ करून, ठराव मांडत नाही. परुळेकर बाहेरून आल्या होत्या आणि ते त्या लपवत नाहीत. त्यांचा ‘आम्ही’ पानागणिक मोठा होत जातो, त्यात माणसं येत जातात. बाहेरच्या माणसाने कसं लिहावं, याचं हे माझ्या मते मराठीतलं ठळक उदाहरण आहे.

यशोधरा दालमियांचं वारली चित्रांवरचं १९८८ चं इंग्रजी पुस्तक चित्राकडे विधी म्हणून पाहतं, कुर्त्यावरची नक्षी म्हणून नाही. ते चित्रांच्या नोंदीत सर्वांत वर ठेवलं. अडचण एवढीच, की ज्यांच्या भिंतींबद्दल ते आहे त्यांना ते वाचता येत नाही.

आणि कविता महाजनांची ‘ब्र’. ही २००५ सालची कादंबरी मी यादीत घातली तेव्हा एका मित्राने विचारलं, “कादंबरी माहितीच्या यादीत कशी?” माझं उत्तर असं : प्रफुल्ला ही नायिका एका संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत फिरते. म्हणजे ती आमच्यासारखंच, माहिती गोळा करायचं काम करते. माहिती देणारी बाई काय सांगते, काय सांगत नाही, विचारणारीला त्यातलं किती कळतं, संस्थेच्या कागदात त्यातलं किती उरतं, हे सगळं तिथे आहे. यादी करणाऱ्याने आधी वाचावं असं ते पुस्तक आहे. मी उलट क्रमाने वाचलं, याचं वाईट वाटतं.

सर्वनामाची ही कसोटी बाहेरच्यांना बाहेर ठेवण्यासाठी नाही, हे परुळेकर आणि महाजन यांच्यावरून कळावं. आणि आतला माणूस आपोआप पास होतो असंही नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात एका विभागाचं नाव मीच दिलं होतं : ‘आदिवासी जीवन’. माझ्याच आत्याच्या घराला मी असं नाव दिलं, तेव्हा मला ते चुकीचं वाटलंच नाही.

पाण्याची नोंद

एक नोंद माझ्या व्यवसायाची. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. उंची १०२ मीटर. त्यातून मुंबईला रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी मिळतं. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने त्यावर भरपूर लिहिलं गेलंय आणि ते मी आवडीने वाचलं. एवढं काँक्रीट त्या दरीत कसं ओतलं असेल, हे वाचताना मजा येते. पण त्या सगळ्या लेखनात मोखाडा हे फक्त ‘ठिकाण’ आहे, पत्ता लिहितात तसं. दुसरीकडे दर एप्रिल-मेमध्ये मोखाड्यातल्या पाड्यांवर टँकर येतो, त्याच्या बातम्या असतात. त्यांत धरण नसतं. दोन्ही प्रकारचं लेखन सहज मिळतं, दोन्ही लिंक चालतात, पण एकातून दुसरीकडे जायला वाट नाही. मी दोन्ही नोंदींना एकच मथळा दिला : ‘पाणी’. यादीत करता येण्याजोगं तेवढंच होतं. माझ्या मते ते कमी नाही.

‘इतर’

निर्देशिकेच्या फॉर्ममध्ये भाषेचा एक रकाना होता. क्लिक केलं की चार पर्याय : मराठी, इंग्रजी, हिंदी, इतर. एका वारली गाण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी मी ‘इतर’ निवडलं आणि पुढच्या नोंदीकडे गेलोही. मग परत आलो.

भाषांना जागतिक पातळीवर तीन अक्षरी कोड असतात. वारलीचा ‘व्ही-ए-व्ही’, कोकण्यांच्या बोलीचा ‘के-ई-एक्स’, कातकरीचा ‘के-एफ-यू’. रोज असले कोड वापरणाऱ्या मला आईच्या भाषेचा कोड वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळला. दोन्ही तालुक्यांत दहातली नऊ माणसं आदिवासी. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. आणि त्यांच्या तालुक्याच्या पानावर त्यांची भाषा ‘इतर’. मित्रांना सांगितल्यावर त्यांनी यादी वाढवली. पाच मिनिटांचं काम होतं. भाषेचे पर्याय वाढले, आणि लगेच दिसलं की त्या पर्यायांपुढे नोंदी जवळजवळ नाहीतच. ‘इतर’ लिहिलेलं असताना ही रिकामी जागा दिसत नव्हती.

तिथे काय भरायचं? मोखाड्याचा बोहाडा, मुखवटे लावून रात्रभर चालणारी सोंगं, त्याचे व्हिडिओ आहेत, पण कोणतं सोंग कोणतं आणि मुखवटा कुणी केला हे क्वचितच लिहिलेलं असतं. तारप्याची ध्वनिमुद्रणं आहेत. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या वादकामुळे निदान वादकाचं नाव लिहायची सवय तरी लागते आहे. भोपळा, बांबू आणि ताडपत्र्याचं हे वाद्य बहुतेक व्हिडिओंत ‘पारंपरिक संगीत’ एवढ्यावरच संपतं.

आत्याची नोंद

माझी आत्या धवलेरी आहे. लग्नात विधीची गाणी म्हणते. लग्न लावण्याचा मान तिचा. आमच्या भागात ही विद्या कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुठे लिहिलेलं नसतं. मला वाटलं, यादीतली रिकामी जागा भरायला याहून चांगली नोंद कोणती? ‘माहीतगार व्यक्ती’ असा एक विभाग होताच. नाव, पाडा, संपर्क क्रमांक. क्रमांकाशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता.

आत्याला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “नंबर टाकला तर कोण फोन करील?”

म्हटलं, “अभ्यास करणारे. कॉलेजची मुलं. व्हिडिओ बनवणारेही करतील.”

“ते लग्नाला येतील?”

“नाही. त्यांना गाणं ऐकायचं असेल.”

“लग्न नसताना ते म्हणायचं नसतं.” मग थोड्या वेळाने, “तुझ्या बहिणीला सांग यादीत घालायला. ती लग्नात माझ्या मागे बसते का? फोन घेऊन बाहेर उभी असते.”

आतेबहीण तिथेच होती. ती काही बोलली नाही.

मी आत्याची नोंद केली नाही. मित्रांशी यावर वाद झाला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं : नोंद नाही झाली तर उद्या हे सगळं जाईल, मग हळहळून काय उपयोग? मला याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. पण माहितीच्या यादीत पुस्तक घालणं आणि माणूस घालणं यांत फरक आहे. पुस्तकाला कोणीही कधीही उघडलं तरी त्याचं काही बिघडत नाही. ‘माहितीस्रोत’ झालेल्या माणसाच्या दारात अनोळखी माणसं येतात, आणि घेऊन जातात ते परत आणून दाखवत नाहीत. गावातल्या प्रत्येक गोष्टीला क्रमांक लावता येतो, या समजुतीवर गॅझेटिअरही चाललं होतं. संपर्क क्रमांकाची सक्ती आम्ही काढली. ‘माहीतगार व्यक्ती’ हा विभागही काढला. ज्यांनी स्वतःहून नाव द्या म्हटलं, त्यांच्यासाठी वेगळी जागा ठेवली.

आता यादी कशी आहे

चाळीसच्या सतरा झाल्या. प्रत्येकीखाली तीन ओळी : हे कुणी, कुणासाठी केलं, यात काय मिळेल, काय मिळणार नाही. भाषा लिहिलेली आहे, फुकट आहे की विकत, मोबाइलवर वाचता येतं का, किती डेटा जाईल हेही. धबधबे आहेत, पण शेवटी. ‘मिनी महाबळेश्वर’ कुठेही नाही. त्याबद्दल मला अजून दोन जणांनी विचारलं. महाबळेश्वरला कोणी मिनी जव्हार म्हणायला लागलं की परत घालतो, असं सांगितलं.

ही आदर्श यादी नाही. सतरांपैकी आमच्या दोन तालुक्यांतल्या माणसांनी स्वतः केलेल्या नोंदी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. वारलीपुढच्या रकान्यात अजूनही बरीच जागा मोकळी आहे. ती मी झाकली नाही. पानावर ती तशीच दिसते, आणि दिसावी असं मला वाटतं.

आतेबहिणीने प्रकल्प पुन्हा लिहिला नाही. तारीख संपली होती, तोच दिला, चांगले गुण पडले. दिवाळीत भेटली तेव्हा यादी तिला मोबाइलवर दाखवली. तिने वरपासून खालपर्यंत सरकवली, पाण्याच्या दोन नोंदींवर थांबली, मग म्हणाली, “कोचाळ्याला माझी मैत्रीण आहे. त्यांच्याकडं उन्हाळ्यात पाणी कुठून आणतात ते मी लिहू का? घेशील यात?”

“घेईन. कसं लिहिशील?”

“कसं म्हणजे?” ती म्हणाली. “आम्ही पाणी आणायला पहाटे उठतो, असं.”